तिकडे किती वाजले?

आमच्या बदलापूरच्या घरात दोन घड्याळं आहेत. एक आपलं, दुसरं धाकट्याचं. धाकटा भाऊ २००४ साली इंडियानातल्या वेस्ट लफाएतला शिकायला गेला (पर्ड्यू विद्यापीठाचं गाव) आणि तिकडचाच झाला. तो गेल्यावर बाबांनी उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारातून एक घड्याळ आणलं, साडेदहा तास मागे लावलं आणि देवघराशेजारी टांगलं.

पहिली दीड-दोन वर्षं काही करावं लागलं नाही. तेव्हा इंडियानाच्या बहुतेक भागात घड्याळ मागेपुढे करायची पद्धत नव्हती. २००६ पासून ती आली आणि वर्षातून दोनदा स्टुलावर चढायचं काम बाबांच्या गळ्यात पडलं. उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा, थंडीत साडेदहाचा.

गंमत अशी, की दोन्ही गावांची वेळ उसनीच आहे. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावरची, म्हणून बदलापुरात सूर्य डोक्यावर येतो तो साडेबाराच्या पुढेमागे. (मुंबई तर १९५५ पर्यंत स्वतःची, ३९ मिनिटं मागची वेळ धरून होती. आमच्या आजोबांना दोन्ही वेळा तोंडपाठ होत्या म्हणे.) धाकट्याचं गावही त्याच्या पट्ट्यात असंच पश्चिमेच्या टोकाला. जूनमध्ये तिथे सव्वानऊनंतर सूर्य मावळतो. पोरं उजेडात झोपायला तयार होत नाहीत, ही त्याची कायमची तक्रार!

पण आमची खरी वेळ लोकल ठरवते. इथे कुणी तास सांगत नाही, नुसतं "अठ्ठावन्नची गेली का?" विचारतात. सीएसएमटी ६८ किलोमीटर. धाकट्याचं ऑफिस गाडीने दहा मिनिटांवर. तो जेवून निवांत होतो तेव्हा मी बायकांच्या डब्यात असते, आणि अंबरनाथ आलं की फोन कानाला लावायला हातसुद्धा वर होत नाही. तो घरी परततो तेव्हा इथे पहाटेचे तीन. म्हणजे राहिला रविवार.

२०१९ च्या नोव्हेंबरातला पहिला रविवार. दिवाळी नुकतीच झालेली. साडेअकराला बाबा नेहमीप्रमाणे घड्याळ मागे करायला चढले आणि पडले. मनगट मोडलं. मी फोन उचलला तर आई म्हणाली, "राहू दे, तिकडे रात्रीचे दोन वाजलेत." (खरं तर त्याच मिनिटाला तिकडे दोनाचा एक झाला होता.) संध्याकाळी म्हणाली, "आत्ताच उठला असेल." सोमवारी, "ऑफिसात असेल." गुरुवारी त्याला कळलं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, मला उठवायचं होतंत की."

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. "तिकडे रात्र आहे" ही आपण काळजीच्या नावाखाली काढलेली पळवाट आहे. शेजारच्या काकूंना आपण रात्री दोनला दार वाजवून उठवतो, आणि सख्ख्या भावाला झोपू देतो! तोही काही कमी नाही. २०१७ मध्ये त्याची नोकरी गेली होती, हे आम्हाला त्याला दुसरी लागल्यावर समजलं. कारण? "तुमची झोप कशाला मोडू." आई म्हणते, सांगून त्याने तिथून काय केलं असतं? काही नाही. जागा राहिला असता. इथे आम्ही तेवढंच करत होतो.

असो. हल्ली मोबाइलवर दोन्ही वेळा दिसतात, तरी भिंतीवरचं घड्याळ काढायला बाबा तयार नाहीत. आता स्टुलावर मी चढते आणि ते एका हाताने स्टूल धरून उभे राहतात. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी धाकटा तिकडे दोनपर्यंत जागा राहून फोन करतो. "चढलीस का?" आणि मग, "उतरलीस का?"