परवानगी न लागणारी मराठी

फलकांवरील मराठीसाठी सीमाभाग १९५६ पासून झगडतो आहे, ते योग्यच. परंतु जेथे कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही, तेथे मराठी का नाही?

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये खुला केलेला जीसीसी हा कंपायलर घ्या. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणे हे त्याचे काम. लिनक्सच्या संगणकावर बसून एआरएमसारख्या निराळ्या जातीच्या प्रोसेसरसाठी यंत्रभाषा निर्माण करणारा तो क्रॉस-कंपायलर. तो घरी बांधता येतो. आधी जुळणीची साधने, मग अर्धामुर्धा कंपायलर, त्याच्याकडून सी भाषेची लायब्ररी आणि तिच्या आधारे पूर्ण कंपायलर. दोघे एकमेकांवर अडलेले, म्हणून हा दुहेरी खटाटोप. (सरकारी फायली आठवाव्यात!)

त्याच्या मूळ संहितेत चुका दाखविणाऱ्या संदेशांच्या भाषावार फायली आहेत: स्वीडिश, तुर्की, व्हिएतनामीसुद्धा. मराठी नाही. कन्नडही नाही, तेव्हा शेजाऱ्याला दोष देण्याची सोय नाही! बदलाचा हक्क परवान्यानेच दिला आहे; इंग्रजी वाक्याखाली मराठी वाक्य लिहायचे व कंपायलर पुन्हा बांधायचा.

‘अभियंत्यांना इंग्रजी येते’ हे उत्तर मला मान्य नाही. निपाणीच्या मराठी शाळेतून आलेला मुलगा आज्ञावलीतील चूक शोधण्याआधी इंग्रजीशीच झुंजतो. ‘अनडिक्लेअर्ड’ला ‘अघोषित’ म्हणावे की ‘आधी न सांगितलेले’, हा निर्णय एकट्या अभियंत्याचा नव्हे. शब्दांची पारख सांगणाऱ्या आपलाही आहे. महाविद्यालयातील दोन मुले सोबत घेऊन पहिले शंभर संदेश आपल्या मंडळाने येत्या तिमाहीतच हाती घ्यावेत.