योग आजी-आजोबांसाठीही



२०१४ साली संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून जाहीर केला आणि २०१५ पासून तो जगभर साजरा होऊ लागला. आपल्या सुरतने तर २०२३ च्या योग दिनी कमालच केली. जवळपास दीड लाख नागरिकांनी एकाच वेळी योग केला आणि शहराचे नाव गिनीज बुकात गेले. सुरतचे रहिवासी म्हणून आपणा सर्वांना याचा अभिमान आहे. परंतु आम्हाला एक प्रश्न पडतो, तो २२ जूनचा. दुसऱ्या दिवशी सकाळी किती घरांत चटई अंथरली जाते? आणि ज्यांना योगाची सर्वाधिक गरज आहे, ते आपले आजी-आजोबा त्या चटईवर असतात का?

आपल्या समाजातील ज्येष्ठ मंडळी कोण आहेत, हे विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे. ताप्ती लाईनच्या गाडीने अंमळनेर, नंदुरबार, जळगावकडून ही माणसे पोटासाठी सुरतला आली. कोणी लूम्सवर, कोणी डाइंग मिलमध्ये बारा-बारा तास उभे राहिले. आयांनी घर सांभाळून साड्यांना लेस आणि टिकल्या लावल्या, त्यासाठी तासन् तास मान खाली घालून बसल्या. त्या कष्टांवर आपली घरे उभी राहिली, ही शाळाही उभी राहिली. आज त्यांचेच गुडघे, कंबर आणि मान बोलू लागली आहेत. जिना चढवत नाही म्हणून आजोबा खाली उतरत नाहीत. पडण्याच्या भीतीने आजी न्हाणीघरात एकट्या जायला घाबरतात. हळूहळू सारे जग एका खाटेपुरते उरते. हा केवळ शरीराचा प्रश्न नाही. जो उठत नाही तो कोणाला भेटत नाही, आणि जो कोणाला भेटत नाही तो मनानेही खचतो.

“आता या वयात काय योग करायचा?” असे उत्तर ज्येष्ठांकडून नेहमी ऐकू येते. त्यांना आम्ही नम्रपणे काही उदाहरणे सांगू इच्छितो. कोइम्बतूरच्या व्ही. नानम्माळ या नव्वदी उलटल्यावरही योग शिकवत होत्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये पद्मश्री मिळालेल्या फ्रान्सच्या शार्लोट शोपँ यांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. त्यांनी योगाला सुरुवातच पन्नाशीच्या सुमारास केली आणि सन्मानाच्या वेळी त्या शंभरी ओलांडून गेल्या होत्या.

पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे जीवन तर आपल्या जवळचे. लहानपणी क्षय, हिवताप, विषमज्वर अशा आजारांनी ते ग्रासलेले होते. १९३७ साली ते पुण्यास आले आणि १९७५ मध्ये त्यांनी तेथे संस्था उभारली. नव्वदीतही त्यांचा सराव चालू होता. २०१४ साली ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपल्या दृष्टीने त्यांची सर्वांत मोठी देणगी म्हणजे खुर्ची, दोर, पट्टा, लाकडी ठोकळा आणि भिंत यांचा आधार. ज्याचे शरीर आसनापर्यंत पोहोचत नाही, त्याच्यापर्यंत आसन आणून देण्याची ही रीत आहे. म्हणून खुर्चीवर बसून योग करणे यात कमीपणा मुळीच नाही.

योगाचा आपल्या मातीशी असलेला संबंधही मुलांना ठाऊक हवा. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, हे मराठी घरातले, पण जन्म १८८३ चा, गुजरातमधील डभोईचा. बडोद्यास त्यांनी राजरत्न माणिकरावांकडे व्यायामाचे शिक्षण घेतले, पुढे खान्देशात अंमळनेरला अध्यापन केले. नर्मदाकाठच्या मालसरच्या परमहंस माधवदासजींकडे ते योग शिकले. त्याच गुरूंचे दुसरे शिष्य श्री योगेंद्र हे आपल्या सुरत परिसरातल्या देगामचे. योगेंद्रजींनी १९१८ मध्ये मुंबईत योग इन्स्टिट्यूट सुरू केली, तर कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम. एक गुजराती, एक मराठी, गुरू एकच. कुवलयानंदांनी तर क्ष-किरणांच्या साहाय्याने योगक्रियांची तपासणी केली. श्रद्धा ठेवा पण तपासूनही पाहा, हा धडा आम्हाला त्यांच्याकडून घ्यावासा वाटतो.

मग तपासून काय दिसते? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले की ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि तीन किंवा अधिक दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. तोल सांभाळणाऱ्या व्यायामांनी घरी राहणाऱ्या वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण जवळपास पावपट कमी होते, असे अनेक अभ्यासांच्या २०१९ च्या एकत्रित आढाव्यात दिसून आले. भिंतीला हात टेकून ताडासन व वृक्षासन, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, ही तोलाचीच साधना आहे. खांदे-मान हळू फिरवणे, अनुलोम-विलोम, भ्रामरी आणि शेवटी शवासन, एवढे अर्ध्या तासात सहज होते.

मात्र काही गोष्टी स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. योग म्हणजे जादू नव्हे. टीव्हीवर पाहून साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली करण्याची आसने टाळावीत. हाडे ठिसूळ झालेल्यांनी कंबरेतून जोराने पुढे वाकू नये. रक्तदाबाचा व हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी जोराची कपालभाती करू नये, श्वास कोंडून धरू नये. डॉक्टरांचा सल्ला आधी, आसन नंतर. आणि “पी हळद अन् हो गोरी” अशी घाईही नको. तीन महिने नियमाने करावे, मग बोलावे.

आता आमचे मत. आपले प्रार्थना सभागृह सकाळची पाळी भरण्यापूर्वी रिकामेच असते. आठवड्यातून पाच दिवस, पाऊण तास, ते परिसरातील ज्येष्ठांसाठी उघडावे. सभागृह तळमजल्यावर आहे, जिना नाही. खुर्च्या आहेत, भिंती आहेत. जाणकार योगशिक्षकाचे मानधन आणि थोड्या चटया एवढाच काय तो खर्च.

शाळा मुलांसाठी आहे, वृद्धांसाठी नाही, असा आक्षेप काही जण घेतील. सभागृहाची साफसफाई, विजेचे बिल, कोणी पडले तर जबाबदारी कोणाची, हे प्रश्नही रास्त आहेत. विश्वस्तांनी त्यांचा विचार अवश्य करावा. नावनोंदणीच्या वेळी डॉक्टरांची चिठ्ठी घेणे आणि वर्गात पंचवीसपेक्षा अधिक व्यक्ती न घेणे, हे उपाय आम्ही सुचवतो. पण मुलांना संस्कार म्हणजे काय हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. स्वतःचे आजोबा शाळेत येऊन भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहण्याचा प्रयत्न करतात, हे ज्या मुलाने पाहिले, त्याला चिकाटीचा वेगळा धडा लागत नाही.

सुनांना आणि मुलांना आमची एक विनंती. आजींना सकाळच्या त्या पाऊण तासात चहा-डब्याच्या कामातून मोकळे करा. नाहीतर वर्गात फक्त आजोबाच दिसतील. विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांना हात धरून फाटकापर्यंत आणावे. त्यांच्या हातात मोबाईल देण्यापेक्षा आपला हात द्यावा.

निरोगी शरीर हे पहिले सुख, असे गुजरातीतही म्हणतात आणि ज्या हिंदीतून आम्ही पदवी घेतली त्या हिंदीतही म्हणतात. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुखासाठी उभे राहून काम केले, त्यांना हे पहिले सुख उतारवयात थोडे तरी मिळावे. विश्वस्त मंडळाने येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि पालकांनी आपली मते कार्यालयात लेखी कळवावीत, ही नम्र विनंती.