माझे मत : टकटक करणारा किडा

पावसाळा लागला की रात्री दिव्याखाली एक लांबट, तपकिरी किडा येऊन पडतो. सकाळी तो शाळेच्या वऱ्हांड्यात सापडतो. त्याला उताणा ठेवला की ‘टक्’ आवाज करून तो वर उडतो. मुलं टाळ्या पिटतात, मग त्याला काडेपेटीत कोंडून दिवसभर टकटक करायला लावतात. संध्याकाळपर्यंत किडा मरतो. हे मला मुळीच पटत नाही.

तो काही खेळ म्हणून उडत नाही. पाठीवर पडल्यावर त्याचे आखूड पाय जमिनीला टेकत नाहीत. त्याच्या छातीखाली एक काटा असतो आणि काट्यामागे एक खाच. अंगाची कमान करून तो काटा खाचेच्या कडेला अडकवून धरतो, स्नायू ताणतो, आणि काटा सटकला की अंगाला असा झटका बसतो की पाय न वापरता तो वीतभर वर जातो! म्हणजे प्रत्येक ‘टक्’ ही त्याची जीव वाचवायची धडपड असते.

वर्गातला एक मित्र म्हणाला, “अरे, त्याच्या अळ्या पिकाची मुळं खातात, मारलाच पाहिजे.” त्याचे म्हणणे अगदी खोटे नाही. तारेसारख्या कडक, पिवळट अळ्या मातीत राहतात, काही जातींच्या तर दोन-चार वर्षेसुद्धा. बटाटा, मका, गहू यांचे त्या नुकसान करतात. पण जगात या किड्यांच्या सुमारे १०,००० जाती आहेत. कितीतरी जातींच्या अळ्या कुजक्या लाकडात वाढतात, काही तर दुसऱ्या किड्यांच्या अळ्या खातात. एका पोराने पेरू चोरले म्हणून साऱ्या आळीला छड्या मारायच्या का?

हा किडा भुंगेऱ्यांपैकी आहे. आजवर माहीत झालेल्या भुंगेऱ्यांच्या जातीच सुमारे ४ लाख! त्यात याचे भाऊबंद फार नवलाचे. दक्षिण अमेरिकेतल्या एकाच्या मानेमागे हिरवट उजेडाचे दोन ठिपके असतात. आपल्या काजव्यासारखे ते लुकलुकत नाहीत, सलग उजळतात. तो बघायला मला फार आवडेल.

परवा आम्ही एक किडा पाटीवर उताणा ठेवला. पहिल्या तीन उड्यांत तो पुन्हा उताणाच पडला. चौथ्या उडीला पालथा झाला आणि तुरुतुरु फरशीच्या फटीत शिरला. मित्राने काडेपेटी उघडून धरली होती, ती त्याने तशीच मिटली.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी