ढेकूण झाले म्हणून लाज कसली?

अंगाला खाज सुटली की आपण मलम शोधतो, गादी पाहत नाही. नर्स म्हणून आयुष्य काढल्यावर माझे मत असे की आधी गादी पाहावी. नुसत्या गांधींवरून ढेकूण ओळखता येत नाहीत. उतारवयात काहींच्या अंगावर चावल्याची खूणही उठत नाही.

चष्मा लावा, बॅटरी घ्या. गादीची शिवण, पलंगाचे सांधे, सोफ्याच्या फटी तपासा. शाई झिरपल्यासारखे काळे ठिपके, चादरीवर रक्ताचे बारीक डाग, फिकट पिवळी कात दिसली की समजावे. मोठा ढेकूण सफरचंदाच्या बीएवढा, चपटा, तांबूस असतो. गादी मात्र स्वतः उचलू नका, नातवाला बोलवा.

ढेकूण घाणीमुळे होतात हा गैरसमज आहे. मुंबईहून आलेली बॅग असो की कोणी दिलेली जुनी खुर्ची, ते स्वच्छ घरातही शिरतात. ते रोग पसरवतात असे आढळलेले नाही. पण झोप उडते, आणि मधुमेह असेल तर खाजवून झालेली जखम चिघळू शकते.

खरा धोका लाजेचा. लोकांना कळू नये म्हणून आपण गुपचूप गादीवर औषध फवारतो आणि रात्रभर त्याच गादीवर झोपतो! तसे करू नका. चादरी 60 अंशांवर धुऊन ड्रायरमध्ये कडक वाळवा, मुलांना सांगा, परवाना असलेल्या मदबीरला बोलवा. लवकर सांगितले तर एका खोलीत निभावते.