गटार आधी, रस्ता नंतर

भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, यंत्रमागाच्या शहरात पाऊस लागला की व्यापाऱ्याच्या तोंडी एकच गाऱ्हाणे असते. गल्लीत टेम्पो शिरत नाही, हातगाडीचे चाक खड्ड्यात रुतते आणि गटाराचे पाणी लागलेला ताका गिऱ्हाईक सेकंडच्या भावात मागते. ज्या धंद्यात मीटरमागे पैशांचा हिशेब चालतो, तिथे एका डागात बाकीच्या मालावरची कमाई जाते.

आमचे म्हणणे असे की, तक्रार खड्ड्याची होते, दुखणे मात्र गटाराचे असते. डांबराचा शत्रू पाणी. गटार तुंबले की पाणी रस्त्यावर थांबते, खडी सुटते, वरून सुताच्या भरलेल्या गाड्या जातात. असा खड्डा नुसता बुजवला तर तो पुढच्या सरीपर्यंत टिकतो. मग पाइप टाकायला तोच रस्ता पुन्हा खोदतात! नालेसफाईचेही तसेच. काढलेला गाळ काठावरच पडून राहिला तर पहिल्या पावसात तो परत आत जातो. चिंध्या गटारात लोटणारे कारखानदारही आहेत. रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग आहे, हे त्यांना आम्ही काय सांगावे?

महानगरपालिकांचा १९४९ चा कायदा स्पष्ट आहे. गटारे व रस्ते ही ६३ व्या कलमातील बंधनकारक कामे आहेत. ऐच्छिक कामे ६६ व्या कलमात येतात. म्हणजे कमानी आणि कारंज्यांआधी गटाराचा नंबर लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने तर २०१५ साली चांगले रस्ते हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

पूर्वी नाक्यावर जकात भरणारा व्यापारी पालिकेला दिसत होता. जकात गेली, एलबीटी आली, तीही गेली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागला आणि पालिकेला भरपाई राज्य सरकारकडून मिळू लागली. माल अडकला तरी पालिकेचा गल्ला अडत नाही. म्हणून आता व्यापाऱ्याने कागदावर दिसले पाहिजे.

इथेच आपले लोक मागे पडतात. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीचा हात मराठी अर्जाशी येऊन थबकतो. मग तक्रार चहाच्या टेबलावर किंवा नगरसेवकाच्या कानात राहते आणि दफ्तरी त्या गल्लीची एकही तक्रार नसते. बजेट करणारा साहेब दफ्तर पाहतो. घरातली मुले चांगले मराठी लिहितात, त्यांच्याकडून लिहून घ्यावे. दहा दुकानांचे दहा अर्ज द्यावेत. गल्लीचे नाव, पाणी कुठून कुठवर साचते, किती दिवस राहते, एवढे लिहून फोटो जोडावा. हे काम बजेटच्या आधी, हिवाळ्यातच व्हावे. जूनमध्ये धावपळ करून फक्त खडी मिळते. प्रभाग कार्यालयातून आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नये आणि झेरॉक्स वहीखात्याबरोबर ठेवावी.