एका वळूसाठी झालेलं युद्ध आणि कवीचं काम

मित्रहो, आज जरा लांबचं लिहितोय. आयर्लंडचं. पण शेवटपर्यंत वाचा.

आयरिश पुराणकथांतली सगळ्यात गाजलेली कथा म्हणजे 'टॉइन'. थोडक्यात, त्यांचं गोग्रहण. कॉनॉटची राणी मेव्ह आणि तिचा नवरा अलिल बिछान्यात पडल्या पडल्या हिशोब मांडतात, दोघांत जास्त श्रीमंत कोण? भांडी, दागिने, मेंढरं, डुकरं, सगळं बरोबरीत. फक्त नवऱ्याकडे एक नामी पांढरा वळू जास्त. झालं! तोडीस तोड म्हणून अल्स्टरचा तपकिरी वळू आणायला राणी फौज घेऊन निघते. अल्स्टरचे योद्धे शापामुळे अंथरुणाला खिळलेले, म्हणून कुहुलिन नावाचा १७ वर्षांचा पोरगा एकटा सीमा अडवून धरतो. माणसं मरतात. त्याचा जिवलग मित्र तर त्याच्याच हातून मरतो. शेवटी तपकिरी वळू पांढऱ्याला मारतो आणि मग स्वतःही मरतो. हाती आलं काय? शून्य.

आता पुढचं बघा. डब्लिनचं जनरल पोस्ट ऑफिस हे १९१६ च्या ब्रिटिशविरोधी बंडाचं मुख्य ठाणं होतं. तिथे बंडाचं स्मारक म्हणून याच कुहुलिनचा पुतळा आहे. मरतानाही आडवं पडायचं नाही म्हणून त्याने स्वतःला दगडाला बांधून घेतलंय, खांद्यावर कावळा बसलाय. आणि तिकडे बेलफास्टमध्ये, ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्या सशस्त्र गटांच्या भिंतींवरही हाच कुहुलिन, अल्स्टरचा राखणदार म्हणून रंगवलेला! एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन्ही बाजू म्हणतात, हा आमचाच.

नायक कुणाच्याही बॅनरवर चढतो, त्याला कोण विचारतं? म्हणून माझं स्पष्ट मत आहे की अशा कथा कवीच्या हाती जायलाच हव्यात. पण कवीनेही नुसत्या घोषणाच लिहिल्या, तर तोही बॅनर रंगवणाराच की.

डब्ल्यू. बी. येट्सचं काव्यनाटक घ्या, 'ऑन बेलीज स्ट्रँड', १९०४ चं. राजाच्या शब्दाखातर कुहुलिन समुद्रावर आलेल्या एका अनोळखी पोराला मारतो. मागाहून कळतं, तो आपलाच मुलगा. वेडा होऊन तो लाटांवर तलवार चालवत सुटतो. ते बघायला सगळं गाव किनाऱ्याकडे धावतं आणि एक आंधळा एका खुळ्याला म्हणतो, घरात कुणी नाही, चल, भट्टीतल्या भाकरी उचलू! नायकाचं सगळं गेलं आणि भुकेल्यांना भाकरीची पडलीय. बातमीदार म्हणून सांगतो, गर्दीच्या मागे काय चाललंय हे टिपणारी नजर हीच.

याच येट्सने म्हातारपणी कवितेतून स्वतःला विचारलं, माझ्या एका नाटकामुळे तर काही माणसं इंग्रजांच्या गोळ्यांपुढे गेली नाहीत ना? नोबेल मिळालेला माणूस, पण स्वतःला सोडलं नाही.

पुढे नुआला नी घोनल या कवयित्रीने आयरिश भाषेतच लिहिताना राणी मेव्हला बोलतं केलं. ही मेव्ह युद्ध पुकारते ते बायकांना त्रास देणाऱ्या पुरुषांविरुद्ध. कुहुलिनचीही तिने चांगलीच हजेरी घेतली. त्याने पुराणाचा अपमान झाला? उलट, पुस्तकात पडून असलेली राणी जिवंत झाली.

काही लोक म्हणतील, पुराणाला हात लावायचा तर हात जोडूनच. जोडा ना. पण कुणी मेलं, कशासाठी मेलं आणि फायदा कुणाचा झाला, हेही विचारा. आमच्या धंद्यात हे रोज विचारावं लागतं. कवीने ते हजार वर्षांपूर्वीच्या मेलेल्यांबद्दल विचारलं, तर बिघडलं कुठे?

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा. फक्त शिवीगाळ नको.