भिवंडी तेव्हा का पेटली नाही?

गणपतीआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक असते. यंदा बातमीसाठी मीही जाऊन बसले. मंडळांचे अध्यक्ष, माजी नगरसेवक, दोन-चार व्यापारी. चहा, वेफर्स, 'सहकार्य करा' असं आवाहन, ग्रुप फोटो आणि चाळीस मिनिटांत खेळ खल्लास. पंचविशीच्या आतली तिथे मी एकटीच, तीही पत्रकार म्हणून!

पोलीस आणि नागरिकांची भागीदारी म्हणजे एवढंच असेल, तर भिवंडीचं कोडं सुटत नाही. यंत्रमागांच्या या शहराने १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली पाहिल्या होत्या. पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जवळची मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं गेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

त्याआधी काही वर्षं तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या होत्या. बड्या पुढाऱ्यांच्या नाही, तर गल्लीतल्या साध्या हिंदू-मुस्लिम रहिवाशांच्या. सोबत पोलीस. बैठकीत एकात्मतेवर भाषणं नसायची, नळावरची आणि शेजाऱ्यांमधली भांडणं मिटवली जायची. वाचायला कंटाळवाणं वाटतं ना? पण मला तर खरी मेख इथेच दिसते. ज्या पोलिसाने काल पाण्याचं भांडण सोडवलं, त्याला रात्री अकरा वाजता 'साहेब, अमुक ऐकलं ते खरं का?' असं विचारता येतं. अनोळखी वर्दीला कोण विचारणार?

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. २००६ च्या जुलैमध्ये याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. गोळीबारात दोघे गेले, नंतर जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. खोपडे तिथून कधीच गेले होते. एका अधिकाऱ्याच्या जिवावर उभी राहिलेली व्यवस्था त्याच्या बदलीनंतर किती टिकते, हा प्रश्न म्हणूनच उरतो. मुंबईत दंगलींनंतर ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी उभी राहिली, तिथे नागरिकांचा ट्रस्ट आहे. मला तो मार्ग जास्त पटतो, कारण ट्रस्टची बदली होत नाही.

आता अफवा आधी आपल्या फोनवर येते, मग ठाण्यात. तरी त्या बैठकीनंतर मला ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं, तिथे फक्त ॲडमिन मेसेज टाकू शकतो. निघताना मी साहेबांना विचारलं, पुढची बैठक कधी?

"नवरात्रीच्या आधी," ते म्हणाले.